गड्याच्या वेषातील प्रलंब

सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन असते, आणि काल्याच्या कीर्तनात भगवंताच्या बाललीलांवाचून दुसरा विषय घ्यावयाचा नाही, असा आपल्या संप्रदायाचा दंडक आहे. चाळीस वर्षे आम्ही तो पाळीत आलो. यमुनेचे वाळवंट, गाई, सवंगडी, चेंडू, हमामा, हुंबरी आणि मग शिदोऱ्या सोडून केलेला काला, हे सांगता सांगता आमचा कंठ दाटतो, श्रोत्यांचे डोळे भरतात, हंडी फुटते, लाह्यांचा प्रसाद घेऊन मंडळी घरोघर जातात. यंदा चैत्रात मात्र एका गावी हंडी फुटल्यावर आमच्या दिंडीतील एक वृद्ध टाळकरी तसाच बसून राहिला. प्रसादालाही उठला नाही. आम्ही जवळ गेलो तेव्हा म्हणाला,

"महाराज, एक विचारू का? राग नका मानू. देव दिवसभर खेळला, तर ती लीला. माझं पोरगं रात्रभर खेळलं, तर ते वाया गेलं. असं का हो?"

आम्हांला प्रथम थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पाहिला. त्याचा चोवीस वर्षांचा मुलगा मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत असे. आधी कांद्याचे पैसे गेले, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले गेले, शेवटी दोन एकर गहाण पडले. घरात कोणाला पत्ता नाही. "सुरवातीला जिंकला होता, महाराज. मला नवं धोतर आणलं होतं त्यानं त्यातनं," म्हातारा म्हणाला.

आम्ही काय उत्तर द्यावे? "आबा, देवाची गोष्ट निराळी," एवढे बोललो आणि गाडीत जाऊन बसलो. सज्जनहो, ते उत्तर नव्हते. ती पळवाट होती. पुढच्या गावी जाईपर्यंत ती आम्हांला टोचत राहिली. ते राहिलेले उत्तर येथे द्यावे म्हणून हा लेख.

पाठशाळेत असताना आम्ही धातुपाठ घोकीत असू. त्यात दिव् नावाचा धातू आहे. त्याचे दहा अर्थ सांगितले आहेत: खेळणे, जिंकण्याची इच्छा, व्यवहार, प्रकाशणे, स्तुती, आनंद, मद, झोप, शोभा आणि गती. नवल असे की याच एका धातूपासून 'देव' शब्द निघतो आणि याच धातूपासून 'द्यूत' हा शब्दही निघतो. एका आईची दोन लेकरे, एक देव्हाऱ्यात बसले आणि एक जुगाराच्या अड्ड्यात! आमच्या गुरुजींनी त्या दिवशी विचारले, "खेळणे हा अर्थ पहिला का रे?" कोणालाच सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "खेळ आधी. मग जिंकावंसं वाटतं. मग व्यवहार शिरतो. पुढं मद चढतो, आणि माणूस झोपतो." वैयाकरण ही उपपत्ती मान्य करणार नाहीत, आणि मधले प्रकाश, स्तुती, आनंद गुरुजींनी सोयीने गाळले हेही खरे. पण त्या म्हाताऱ्याच्या मुलाची वाट नेमकी हीच झाली.

कोणी म्हणेल, ही कलियुगाची आणि मोबाईलची करणी. तसे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त आहे, ते जुगाऱ्याचे. बेहड्याच्या फळांचे फासे होते तेव्हा. सासू दूर लोटते, बायको जवळ येऊ देत नाही, आणि जन्मदाते आईबाप व भाऊ परक्यांसमोर सांगतात की आम्ही याला ओळखत नाही, खुशाल बांधून न्या. तो मनाशी ठरवतो की आज जायचे नाही. पण फाशांचा आवाज कानी आला की पाय तिकडे वळलेच. आज खिशातला मोबाईल वाजतो, एवढाच भेद. आणि शेवटी त्या जुगाऱ्याला उपदेश कोणता, तर फासे टाक आणि शेत कर. गाई तेथे आहेत, बायको तेथे आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शेतच गहाण टाकल्यावर हा उपदेश कोणत्या तोंडाने सांगावा, हा प्रश्न मात्र आमचा आमच्यापाशी राहिला.

भारतात पाहा. धर्मराज हा मूर्तिमंत धर्म. पण सभापर्वात तो धन हरला, राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग द्रौपदी हरला. येथे एक विद्वान शंका काढतात, ती सांगून टाकतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की छळणाऱ्यांमधले द्यूत ती माझी विभूती आहे. मग द्यूत वाईट कसे? बापहो, त्याच अध्यायात जलचरांतील मगर हीही विभूती सांगितली आहे आणि सर्व हरण करणारा मृत्यूही. म्हणून कोणी मगर आणून घरच्या आडात सोडीत नाही. विभूती ही ओळखावयाची असते. प्रत्येक विभूती सेवावयाची नसते.

आता देवाचा खेळ. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, आणि ते आमच्या तोंडी चाळीस वर्षे होते! दशम स्कंधाचा अठरावा अध्याय काढा. ग्रीष्म ऋतू आहे, पण वृंदावनात वसंतासारखी हिरवळ. गोपाळांनी दोन फळ्या केल्या, एकीचा पुढारी कृष्ण, दुसरीचा बळराम. अट एवढीच की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन भांडीर वडापर्यंत न्यायचे. आणि त्या दिवशी बळरामाची फळी जिंकली. कृष्ण हरला. भगवंताने श्रीदाम्याला पाठीवर घेतले आणि चालू लागला.

आम्ही हा प्रसंग कीर्तनात किती वेळा सांगितला असेल! श्रीदामा कसा ऐटीत बसला, देवाची पाठ कशी वाकली, हे वर्णन करून लोकांना हसवले. पण मर्म तेथे आहे हे आम्हांला त्या म्हाताऱ्याने शिकवले. देव खेळतो म्हणजे काय करतो? तो हरतो. हरता येते म्हणून तो खेळ. आणि हरल्यावर देणे काय, तर वडापर्यंतचे ओझे. वड आला की गडी खाली उतरला, हिशेब फिटला, कोणाच्या घरी काही कमी झाले नाही. धर्मराज हरला तेव्हा बायको सभेत ओढली गेली. देव हरला तेव्हा एक गवळ्याचा पोर खांद्यावर बसला.

पुढे ऐका. त्याच खेळात प्रलंब नावाचा असुर शिरला होता. तो असुराच्या रूपाने आला नाही. दात विचकीत आला असता तर पोरे पळाली असती. तो गोपाळाच्या वेषात आला, गडी होऊन आला, खेळात भाग घेतला, हरलासुद्धा. अटीप्रमाणे त्याने बळरामाला पाठीवर घेतले. आणि मग काय केले? उतरण्याची जी खूण ठरली होती, तिच्या पुढे तो त्याला घेऊन पळाला.

सज्जनहो, येथे थांबा. असुर ओळखायचा कशावरून? वेषावरून नाही, तो गड्यासारखाच असतो. जो तुम्हांला उतरण्याच्या ठिकाणी उतरू देत नाही, तो प्रलंब. हुतूतू असो, विटीदांडू असो, खेळ संपतो. दिवेलागण झाली, आईने हाक मारली, की संपतो. मोबाईलवरच्या त्या पैशांच्या रमीला दिवेलागण नाही. हरलास तर भरून काढ, जिंकलास तर आणखी लाव. वड मागे राहिला तरी पाठीवरून उतरता येत नाही. बळराम जड झाला, असुर मूळ रूपात आला, एका मुठीने त्याचे डोके फुटले. आपण बळराम नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, तो चांगलाच झाला. पण कायद्याने गहाण जमीन सुटली नाही, आणि प्रलंबाला वेष बदलता येतो हे भागवतच सांगते.

आपल्या संतांनी खेळ टाकला नाही. तुकोबारायांच्या गाथेत विटूदांडू आहे, चेंडूफळी आहे, हमामा, हुतूतू, टिपरी, फुगडी आहे. नाथबाबांच्या भारुडांतही फुगडी आणि हुतूतू येतात. ज्यांनी संसार नाशवंत म्हणून सांगितला, त्यांना पोरांचे खेळ परमार्थ सांगण्यास योग्य वाटले. बुद्धिबळाच्या पटाहून ही धुळीतली भाषा गावोगाव कळत होती, हे एक कारण. दुसरे कारण हुतूतूत उतरलेल्याला सांगावे लागत नाही. एका श्वासात परक्याच्या अंगणात जायचे, शिवायचे आणि दम आहे तोवर रेघेला परत यायचे. दम तुटला की गडी मेला. आणि आपल्या फळीने कोणाला मारले की मेलेला पुन्हा उठतो! मरण आणि पुन्हा उठणे हे शब्द त्या खेळात पोरे सहज बोलतात. आम्हांला वेदान्तात ते समजावयास बारा वर्षे लागली.

या खेळांनी पुढे मोठा पल्ला गाठला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खोखोचे नियम बांधले. हुतूतूचे नियम १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे हुतूतू करून दाखवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोची विश्वचषक स्पर्धा होऊन पुरुष व महिला दोन्ही विभागांत भारत जिंकला. आनंद आहे. विटीदांडूला कोणी असे मखर केले नाही. त्याची वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी मूळ तेलुगूतील एक, दोन, तीन, चार आहे, हे आमच्या ध्यानात आले ते एका तेलंगी वारकऱ्यामुळे. चंद्रभागेच्या वाळवंटात तो सहज एक-दोन मोजू लागला आणि आम्ही चमकलो! गावोगावी हे शब्द थोडे निराळे आहेत. पण मराठी पोरे शतकानुशतके दक्षिणेच्या भाषेत मोजीत आली आणि कोणाला परके वाटले नाही.

वारीत तर खेळ पाहावयास कोठे लांब जायला नको. माउलींच्या सोहळ्यात सदाशिवनगरला, खुडूसला गोल रिंगण होते. तुकोबांच्या सोहळ्यात बेलवाडीला, इंदापूरला, अकलूजला. स्वाराचा अश्व पुढे, माउलींचा अश्व मागे, त्याच्या पाठीवर कोणी दिसत नाही. घोडे सुटले की लाखो माणसे नाव घेत उभी. जगात घोडे पळतात तेथे पैजा लागतात. सांगा बरे, रिंगणात कोणी पैज लावलेली ऐकली आहे का? घोडा धावून गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, आणि मग फुगडी, हुतूतू, मनोरे सुरू होतात. सत्तरीची म्हातारी सुनेच्या हाताला धरून फुगडी घालते. घरी ती दोघी बोलत नसतील. आम्ही स्वतः असे पाहिले आहे.

आता आमचा अपराध सांगावयाचा राहिला, तो सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्याच गावी देवळासमोर पोरे आट्यापाट्या खेळत. प्रवचनाच्या वेळी गलका होई. आम्ही तरुण, नवे शास्त्र शिकून आलेलो. एके दिवशी व्यासपीठावरून आम्ही त्यांना टवाळ म्हटले आणि आवारात खेळ बंद करण्यास पंचांना सांगितले. पुढे तेथे गुळगुळीत फरशी बसली. प्रवचनात गलका होईनासा झाला, आणि पोरेही येईनाशी झाली. आज देवळाच्या मागच्या कट्ट्यावर पोरे बसतात, एकमेकांशेजारी, माना खाली घालून, एक शब्द न बोलता. ती शांतता आम्ही मागून घेतली होती. त्या टाळकऱ्याचे गाव निराळे. पण तेथेही फरशी आहे.

वैशाखात आम्ही मुद्दाम त्याच्या घरी गेलो. दशम स्कंधाचे हे सगळे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे महाराज, पोरगं खेळलं म्हणून न्हाई बिघडलं. त्याला कुणी उतरू दिलं न्हाई." मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता. आम्ही त्याला बोलावले नाही. उपदेश त्याने पुष्कळ ऐकला असेल. निघताना एवढेच म्हणालो की आषाढीला बापाबरोबर ये, टाळ नाही आला तरी चालेल.

तो आला. रिंगणात तीन मुक्काम बाजूला उभा राहिला. वाखरीला हुतूतूत एक गडी कमी पडला, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याला ओढले. पहिल्याच खेपेस दम तुटून मेला, आणि दिंडी खो खो हसली. तोही हसला. जमीन अजून गहाण आहे. दोघे बापलेक दुसऱ्याच्या ऊसतोडीला जाण्याचे म्हणत आहेत.

येत्या माघात आमच्या गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाआधी दोन घटका देवळामागच्या वावरात खेळ ठेवावयाचे ठरले आहे. आट्यापाट्यांच्या पाट्या आखण्याचे काम या मुलाने आपल्या अंगावर घेतले आहे. आमची एक अडचण आहे. हमामा आणि हुंबरी आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात रंगवली, पण ती घालावी कशी हे आम्हांला येत नाही. ज्या कोणा वृद्ध माउलींना ती येत असेल त्यांनी काल्याच्या आदल्या दिवशी मुक्कामास यावे. भाकरीची सोय आमच्या घरी आहे.