खलनायकाचं ‘आपण’

१९८० साली आलेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात काळ्या चिलखतातला डार्थ व्हेडर सम्राटापुढे गुडघा टेकून आज्ञा विचारतो. विचारताना त्याच्या तोंडी एक जुनं इंग्रजी सर्वनाम घातलं आहे: ‘दाय’, म्हणजे ‘तुझी’. व्याकरणाच्या हिशेबाने हा चक्क अरेतुरेचा प्रकार. ‘दाऊ’ एकेकाळी नोकराला, धाकट्याला, जिवलगाला म्हणायचे; मोठ्यांना ‘यू’. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी न्यायाधीशापासून सरदारापर्यंत सगळ्यांना सरसकट ‘दाऊ’ म्हणायचा हट्ट धरला, कारण देवापुढे सगळे सारखे. आणि त्यापायी मारही खाल्ला. पुढे हे सर्वनाम रोजच्या बोलण्यातून गेलं, बायबलात आणि प्रार्थनेत उरलं, आणि तिथल्या संगतीने भारदस्त वाटू लागलं. व्हेडरला तो भारदस्तपणा हवा होता. समतेसाठी झगडलेलं सर्वनाम हुकूमशहाच्या दरबारात मुजरा करायला लागलं.

मराठी कानाला यात खटकण्यासारखं काही नाही. विठ्ठलाला आपण ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो, अंगावर धावून येणाऱ्यालाही म्हणतो. नुसत्या ‘तू’वरून नायक-खलनायक ओळखता येत नाही. ओळखायचं ते उलट ‘तू’ कोणाला म्हणता येत नाही, त्यावरून. वाड्यातल्या पोराने पिकल्या केसांच्या गड्याला ‘अरे’ म्हणायचं आणि त्याने पोराला ‘मालक’, ही रीत गावोगाव होती. खलनायकी होती ती त्या एकेरी वाहतुकीत.

त्याच चित्रपटात व्हेडर नायकाला, म्हणजे ल्यूकला, सांगतो की आपण त्याचा बाप आहोत. जगभरचे प्रेक्षक तिथे हादरले. हाच प्रसंग राधानगरीच्या एसटी स्टँडवर घडला असता तर ल्यूकने बाह्या सरसावल्या असत्या. ‘मी तुझा बाप हाय’ हे आमच्याकडचं भांडणातलं ठेवणीतलं वाक्य. त्यात नात्याची कबुली कोणी ऐकत नाही. बरं, ‘वडील’ म्हणावं तर स्वतःच स्वतःला अहोजाहो केल्यासारखं होतं. लिहिणाऱ्याने काय करावं?

मोठेपणाचं सर्वनाम म्हणून आमच्या जिल्ह्याने ‘आम्ही’ मनावर घेतलं. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी ज्या परंपरेचे ऐतिहासिक चित्रपट काढले, तिथे राजा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो आणि त्याच्यावर चालून आलेला सरदारही. मिशीला पीळ देऊन ‘आम्ही’ म्हणणारा सज्जन की दुर्जन, हे मागचं संगीत सांगतं.

पण मराठीत ‘आम्ही’च्या शेजारी ‘आपण’ आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हा फरक संस्कृतात नाही, इंग्रजीत नाही. तमिळ-तेलुगूत आहे, शेजारच्या गुजरातीतही आहे. मला बरीच वर्षं वाटत असे की नायकाचं सर्वनाम ‘आपण’, खलनायकाचं ‘आम्ही’, हिशेब सोपा. व्हेडरनेच तो मोडला. बाप असल्याचं सांगून झाल्यावर तो ल्यूकपुढे हात करतो: बापलेक मिळून आकाशगंगेवर राज्य करू. मराठीत इथे ‘आपण दोघं’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. तो सर्वांत धोकादायक असतो तो नेमका या क्षणी, कारण त्या ‘आपण’मध्ये दोन माणसं मावतात आणि उरलेली आकाशगंगा बाहेर राहते.

नायक-खलनायकाची अशी उलटापालट आपल्याला नवी नाही. पुराणातला वामन हा अवतार, बळी हा असुर. पण दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना बळीचंच राज्य येवो म्हणतात, आणि शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ही बाजू उघडच मांडली: तीन पावलं मागणारा वामन हाच आक्रमक. पुढे १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या विज्ञान कादंबरीत यंत्रमानवाला हेच नाव दिलं. फुल्यांशी नातं जोडायचा त्यांचा हेतू असेल असं मला वाटत नाही. तरी लहान रूपात येऊन घरमालकाला भारी पडू पाहणारा पाहुणा म्हटला, की मराठी वाचकाला दोन्ही वामन एकदम आठवतात.

यंत्रमानवाची कथा लिहिताना इंग्रजी लेखकाची एक सोय आहे. त्याच्या यंत्राने ‘वुई’ म्हटलं, तर त्या ‘वुई’त माणसं आहेत की नुसती यंत्रं, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवता येतं. मराठीत यंत्राने तोंड उघडून पहिलं अनेकवचन उच्चारलं की बिंग फुटलं: ‘आम्ही’ म्हणालं तर आपण बाहेर, ‘आपण’ म्हणालं तर निदान आपल्याला घोळात घ्यायचं ठरलेलं. चलाख लेखक असेल तर तो सर्वनामच गाळेल आणि ‘राज्य करू’ एवढ्यावर वेळ मारून नेईल.