मुतखडा, तहान आणि क्रूस



मुतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पाठीतून निघते, कुशीतून जांघेपर्यंत उतरते. बसवत नाही, झोपवत नाही. आमचा पहिला खडा पडून गेला तेव्हा वाटले, सुटलो. डॉक्टरांनी मात्र बजावले होते की, एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. आम्हाला तो आणखी दोनदा झाला.

तिसऱ्या वेळी भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या मावशींनी धीर दिला, "देवाने दिलेला क्रूस आहे, आनंदाने वाहा." बोलणे मायेचे होते, पण ते आमच्या मनात सलत राहिले. मार्च महिन्याचे ऊन आणि उपवासकाळ. दिवसभर आम्ही दोन-तीन पेले पाण्यावर राहत होतो आणि त्याला त्याग म्हणत होतो. मग हा क्रूस देवाने दिला, की आम्हीच तो सुतारासारखा तासून तयार केला?

या प्रश्नाचे उत्तर देताना जपावे लागते. नीट पाणी पिऊनही काहींना खडे होतात. कुणाच्या घराण्यातच ते असतात, तर कुणाच्या लघवीतून मुळातच जास्त कॅल्शियम जाते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने तो हिशेबच नाकारला (योहान ९). म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याची चूक शोधणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे. पण आजाऱ्याने स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा. झाले ते झाले, उद्या सकाळी माझे कर्तव्य काय?

या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला आम्हाला मोठे गुरू वाटतात. १५२२ साली मानरेसा येथे त्यांनी इतके कडक उपवास व देहदंड केले की त्यांची प्रकृती कायमची बिघडली. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये ते प्रभूघरी गेल्यावर रेआल्दो कोलोंबो या शरीरशास्त्रज्ञाने शवविच्छेदन केले. मूत्रपिंडे, यकृत आणि इतर अवयवांत असंख्य खडे सापडल्याचे त्याच्या १५५९ साली छापलेल्या ग्रंथात नमूद आहे. एवढ्या वेदना त्यांनी कुरकुर न करता सोसल्या. पण आपल्या येशूसंघीयांसाठी नियम लिहिताना त्यांनी स्वतःचा तरुणपणीचा कित्ता गिरवायला सांगितले नाही. शरीराचे फाजील लाड करणे जसे वाईट, तसे देवाच्या सेवेसाठी प्रकृती सांभाळणे चांगले, असा त्या नियमांचा आशय आहे. ज्याने सोसले, त्यानेच सांभाळायला सांगितले!

संत पौलाने देहातला काटा जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही, कृपा मिळाली. आम्हाला वाटते, उत्तर इथे आहे. सर्व काळजी घेऊनही जे दुखणे उरते, तो क्रूस; तो प्रभूच्या हाती द्यावा. आळसाने किंवा चुकीच्या समजुतीने ओढवून घेतलेल्या दुखण्याला आधीच क्रूस म्हणणे, हे क्रुसाचे नाव वापरून कर्तव्य टाळणे होय.

चुकीच्या समजुतींपैकी एक आपल्या मंदिरात दर रविवारी दिसते. मिस्सापूर्वी पाणी प्यायले तर कम्युनियन घेता येत नाही, असे काही वयस्कर मंडळी अजून मानतात. हा नियम पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच बदलला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसारही कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी व औषध चालते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे यांच्या उपवासातही पाणी वर्ज्य नाही. क्रुसावर स्वतः प्रभूने आपल्याला तहान लागल्याचे बोलून दाखवले. तहान लपवण्यात त्यालाही मोठेपणा वाटला नाही.

काय करावे? खडे होणाऱ्याने दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मीठ, पापड, लोणचे कमी करावे. दूध-दही मात्र मनानेच बंद करू नये. कॅल्शियमचे खडे वारंवार होणाऱ्या १२० पुरुषांना इटलीत पाच वर्षे दोन प्रकारचा आहार दिला गेला; निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडे झाले. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या ६० पैकी फक्त १२ जणांना. पडलेला खडा टाकून न देता तपासायला द्यावा. कुळथाचे कढण आवडीने प्यावे, पण कळेबरोबर ताप आला किंवा लघवी अडली तर कढणावर न राहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता शेजाऱ्याकडे पाहू. आपल्यातील कितीतरी जण तळवडे, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत भट्टीजवळ, यंत्राजवळ घाम गाळतात. अनेक बहिणी कामावर जाताना मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शौचालय लांब असते, अस्वच्छ असते किंवा सुट्टी मागायची लाज वाटते. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच पिण्याच्या पाण्याची आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या शौचालयांची सक्ती केली होती. आपल्यात कुणी सुपरवायझर आहे, कुणी दुकानदार, कुणाच्या घरी धुणेभांडी करायला बाई येते. आपल्या हाताखालच्या माणसाला पाणी आणि शौचालय संकोच न करता वापरता येते का? दरवर्षी पालखी निघते तेव्हा आपले देहू वाटेवरच्या अनोळखी वारकऱ्याला पाणी देते. ती माया उरलेल्या दिवसांतही हवी. प्रभूच्या नावाने दिलेला पेलाभर गार पाण्याचा मोबदला बुडत नाही, असे त्यानेच सांगितले आहे.

आता आमच्या उशाशी रात्री तांब्या भरलेला असतो. मध्यरात्री उठून एक पेला पितो आणि क्रुसाची खूण करतो. उपवासकाळात मिष्टान्न सोडतो, पाणी नाही. चौथा खडा होणारच नाही असे नाही. झालाच, तर तो क्रूस म्हणून मोकळ्या मनाने उचलता येईल. खडे आणि इतर व्याधींनी त्रासलेल्या आपल्या सर्व बंधुभगिनींना प्रभू धीर आणि शहाणपण देवो, हीच प्रार्थना.