कर्जाच्या कागदावरचे शब्द

खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावी इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. रोज दहा शब्द पाठ करायचे: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. शनिवारच्या चाचणीपर्यंत ते टिकत आणि सोमवारी विसरलेले असत. आठवीत मी वर्गात ‘डेब्ट’ असे मोठ्याने वाचले आणि सगळा वर्ग हसला. उच्चार ‘डेट’ आहे, एवढे सांगून सर पुढे गेले. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात वाचायला उभा राहिलो नाही.

तो शब्द खरा कळला घरी. बाबा कर्जाचा कागद घेऊन ओसरीवर बसले होते. म्हणाले, “वाच बरं लेका, काय म्हनते हा कागद?” कागदावर ‘डेट’ होते आणि ‘इंटरेस्ट’ही. इंटरेस्ट म्हणजे आवड, एवढेच मला पाठ. कर्जात आवड कसली? बाबाच म्हणाले, “व्याज असंल ते.” त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. अर्थ त्यांना व्यवहारानेच दाखवला.

‘डेट’मधला मुका बी मला पुढे कॉलेजात उलगडला. फ्रेंचमधून आलेला हा शब्द पूर्वी बी-शिवाय लिहीत. लॅटिन ‘डेबिटम’शी त्याचे नाते दिसावे म्हणून विद्वानांनी बी घातला, लोकांनी तो कधी उच्चारला नाही. पासबुकातल्या ‘डेबिट’मध्ये मात्र तोच बी स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही शब्द एकाच कुळातले. ‘नाइफ’च्या के-ची गोष्ट वेगळी: तो एकेकाळी खरोखर उच्चारला जाई. बोलणे बदलले, छापलेले स्पेलिंग तसेच राहिले. शब्दाचा असा इतिहास कळला की तो घोकावा लागत नाही.

उच्चाराचेही तसेच. बाजार समितीच्या इंग्रजी नावात ‘प्रोड्यूस’ आहे. पहिल्या भागावर जोर दिला तर तो शेतमाल; दुसऱ्या भागावर दिला तर पिकवणे. मराठीत जोराने अर्थ असा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जात नाही. तो मुद्दाम वळवावा लागतो. व्ही आणि डब्ल्यू या दोघांसाठी आपल्याकडे एकच ‘व’ आहे. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, डब्ल्यू म्हणताना ओठ गोल करायचे. आरशासमोर चार दिवसांत जमते. झेडला तर घाबरण्याचे कारणच नाही. ‘जीप’चा ज वेगळा आणि ‘जहाज’चा ज वेगळा, हे मराठी मूल शाळेत येण्याआधीच जाणते. जहाजातला ज आणखी मऊ, घासून म्हटला की झेड होतो.

मोल्सवर्थचा १८३१चा मराठी-इंग्रजी कोश मी अजूनही चाळतो. परक्या मुलखातून आलेला हा माणूस मराठी शब्दाचा अर्थ देऊन थांबत नाही. तो शब्द बोलण्यात कसा येतो, तेही दाखवतो. परकी भाषा शिकायची रीत यापेक्षा वेगळी नसावी.

महाराष्ट्रात २०००पासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाले. वर्षे वाढली, पण घोकंपट्टी बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती एवढीच: दिवसाला दहा शब्द देऊ नका, दोन द्या. ते खताच्या गोणीवरून घ्या, बियाण्याच्या पाकिटावरून घ्या, बँकेच्या पावतीवरून घ्या. अर्थ सांगा, उच्चार ऐकवा आणि मुलाकडून त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य करून घ्या. आणि मुलाने चुकीचे वाचले, तर वर्गाला हसू देऊ नका. चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागते. गेलेला धीर परत यायला वर्षे लागतात.