उजेडाचा नेम

गेल्या चैत्रात धुळे तालुक्यातील एका गावी सप्ताहाला जाण्याचा योग आला. कीर्तन आटोपून मंडळी देवळापुढे टेकली होती. शिखरावर नवे झोताचे दिवे लागलेले, सारे खूष. तेवढ्यात एक म्हातारे माळकरी वर पाहत म्हणाले, "महाराज, सप्तर्षींची बाज दिसेना. माझे डोळे गेले की काय?" आम्ही मान वर केली. आम्हांलाही दिसेना. डोळे शाबूत होते. उजेडाने आभाळ पुसले होते. आणि त्या दिव्यांच्या वर्गणीत आमचेही एकशे एक रुपये होते!

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो. उजेड तेवढा चांगला आणि अंधार तेवढा वाईट, असे सरसकट म्हणता येईल काय? अज्ञानाला अंधार म्हणतात, तो दृष्टांत खरा. पण दृष्टांत त्याच्या ठिकाणी. रात्रीचा काळोख म्हणजे अज्ञान नव्हे. ती देवाघरची पाटी आहे. पाटीच पांढरी केली तर अक्षर उमटावे कशावर?

आपल्या खानदेशाला आकाशविद्या नवी नाही. चाळीसगावाजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला, त्याचा इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. (हे चांगदेव ज्योतिषी, मुक्ताईंचे शिष्य चांगदेव ते वेगळे.) आज आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर २००६ पासून दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे, आणि लडाखात हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर तशीच दुसरी. डोंगर का? तर तेथे हवा स्वच्छ आणि गावचे दिवे लांब. परंतु उजेड डोंगरही चढतो. वर गेलेला प्रकाश धुळीवर, बाष्पावर विखुरतो आणि तारे फिके पडतात. म्हणून २०२२ साली हानलेभोवतीचा मुलूख काळोखासाठी राखून ठेवला. तेथील गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, दिव्यांना झाकणे बसविली. आपल्या विदर्भातील पेंचच्या जंगलालाही २०२४ साली अशी मान्यता मिळाली; तेथे आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविली.

कोणी म्हणेल, "महाराज, इथे विंचूकाटा आहे, बायाबापड्या रात्री-अपरात्री जातात, दिवे काढायचे का?" छे, मुळीच नाही! ज्याच्या वाटेवर अंधार, त्याला ताऱ्यांचे कौतुक सांगणे हा निर्दयपणा होय. दिवा अवश्य असावा. पण त्याला वरून टोपी असावी, तोंड खाली असावे, काम झाले की तो मालवावा. पायाशी पडला तो उजेड कामाचा. आभाळात गेला तो वाया, आणि दुसऱ्याच्या ताऱ्यांची चोरी ती वेगळीच.

गरजेपुरते घ्यावे, हा नेम आपण जेवणाला लावतो, बोलण्याला लावतो. मग उजेडाला का नको? मनाला विचारून पाहावे: तो झोत देवासाठी होता, की शेजारच्या गावाने आपले देऊळ पाहावे म्हणून? देवाला तर समई पुरते.

आम्ही समितीपुढे हे बोललो. काहींना रुचले नाही. तरी कीर्तनानंतर शिखराचे दिवे मालवायचे, वाटेवरचे ठेवायचे, एवढे ठरले. दुसऱ्या रात्री आमच्या माळकरी आप्पांनी नातवाला बोट धरून बाज दाखविली. वर्गणी दिल्याचे समाधान आम्हांला त्या दिवशी झाले.