राखण आणि दंड

गावाची राखण हा कोणाचा धर्म, हा प्रश्न बेल्ह्यात पुस्तकी राहत नाही. सोमवारच्या बैलबाजाराला परगावची माणसे येतात, रोकड हातोहात फिरते. शिवारात विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापली गेली, तर चोराला मिळतात तांब्याचे थोडे पैसे आणि ऐन भरातला कांदा पाण्यावाचून माना टाकतो. गाव आळेफाटा पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे. पण प्रत्येक विहिरीवर शिपाई उभा करणे कोणत्याही ठाण्याला जमणारे नाही.

जुन्या गावगाड्यात वेशीवर वेसकर आणि रात्रीच्या पहाऱ्याला रामोशी असे. चोरी झाली की रामोशाने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. पेशवाईनंतर एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात ही रीत नोंदवली आहे. चोरीचा भार एकट्या घरधन्याने सोसायचा नाही, तो साऱ्या शिवेचा, हा तिच्यातला विचार आजही मोलाचा आहे. राखण मात्र जातीवर लादली गेली. पुढे इंग्रजी अमदानीत त्याच रखवालदारांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, हा त्यांच्यावरचा उघड अन्याय होता.

१९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमापासून पोलीस पाटील वतनाने येत नाही, नेमला जातो. ग्रामसुरक्षा दलात कोणत्याही जातीचा गावकरी स्वेच्छेने जातो. अशा रीतीने राखण सर्वांची झाली; दंड मात्र राज्याकडेच राहिला.

ही रेघ पुसली की काय होते, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. गावात आलेला अनोळखी माणूस चोर असू शकतो, तसा पाहुणाही. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार पहारेकऱ्याला कोणत्याच धर्माने दिलेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सामान्य माणसाला अटकेची मुभा देते ती अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर, किंवा माणूस जाहीर फरारी गुन्हेगार असेल तर. आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते.

गस्त घालणे त्या मानाने सोपे. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी, सोबतीला चौघे. कस लागतो तो सकाळी, पंच म्हणून उभे राहताना. चोर भावकीतला निघाला की ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून माणसे घरात शिरतात. रात्री जागलेला तरुणही कोर्टात साक्ष फिरवतो, आणि गावाची सारी जाग फुकट जाते. पोलिसांना गावाकडून सर्वांत जास्त हवी असते ती खरी साक्ष. केबलचे कापलेले टोक स्वतः पाहायचे, पंचनामा वाचून घ्यायचा, न पाहिलेले एक अक्षर त्यात असेल तर ते खोडायला लावायचे आणि मग सही करायची.