शंकेने निश्चिती ढळत नाही



सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने मानवाला मन दिले आणि त्या मनात काय कुजबुजते हेही जो जाणतो. दरूद व सलाम असोत अखेरचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी लोकांसाठी धर्म सोपा करा, कठीण करू नका, अशी शिकवण दिली.

आज आपल्यासमोर एका तरुणाची हकिकत ठेवायची आहे. त्याची परवानगी घेऊन आणि त्याची ओळख झाकून ती सांगतो. हा तरुण मराठवाड्यातून आलेला. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासण्याचे काम करतो आणि चौघांबरोबर एका खोलीत राहतो. पहिली पाळी सुटली की असरच्या नमाजाला तो आमच्या मशिदीत येई. वुजूखान्यात सर्वांच्या आधी बसे आणि सर्वांच्या नंतर उठे. जमाअत संपून लोक पायऱ्या उतरू लागले, तरी त्याचा नळ चालूच असे. मी एकदा जवळ जाऊन पाहिले, तर त्याच्या हातांची कातडी कोरडी पडून भेगाळली होती.

मी विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “मौलाना, माझा वुजू होतच नाही. हात धुतला की वाटते, कोपर कोरडे राहिले. कोपर धुतले की वाटते, नियत राहिली. नमाजात उभा राहिलो की अल्लाहविषयी असे घाणेरडे विचार येतात की ते जिभेवरही आणता येत नाहीत. मी मुनाफिक झालो का?”

बंधु-भगिनींनो, येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी त्याला म्हणालो, “शंका वाटत असेल तर पुन्हा वुजू करीत जा. इबादत वाढवा, मन शुद्ध होईल.” आणि मोजून पढण्याचा एक वजीफाही दिला. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा वुजू तर लांबला होताच, आता वजीफाही संपेना. मोजणीत चूक झाली असे वाटले की तो पहिल्यापासून सुरुवात करी. रात्रीची झोप गेली, कामावर उशीर होऊ लागला आणि काही दिवसांनी त्याने मशिदीत येणेच सोडले. ज्याला नमाज इतका प्रिय होता, तो नमाजालाच भिऊ लागला. मग गावाहून त्याच्या अम्मीचा फोन आला. त्या रडत म्हणाल्या, “मौलाना, पोराला कुणाची नजर लागली का? इकडे एक बाबा आहेत, ते उतरवून देतो म्हणतात.”

त्या रात्री मी सहीह बुखारीतील वुजूचे प्रकरण उघडले. ते मी मुलांना अनेक वर्षे शिकवीत आलो होतो. त्यात एका माणसाची तक्रार आली आहे. नमाजात असताना आपला वुजू गेला असे त्याला सारखे वाटे. प्रेषित (स.) यांनी त्याला पुन्हा वुजू करण्यास सांगितले नाही. आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत, म्हणजेच खात्री होईपर्यंत, नमाज सोडू नये असे फर्माविले. याच शिकवणुकीतून फिकहशास्त्राचा मोठा नियम सिद्ध झाला की निश्चिती ही शंकेने ढळत नाही. वुजू केला हे निश्चित आहे. तुटला असेल ही केवळ शंका आहे. शंकेला निश्चितीचे स्थान द्यावयाचे नाही. मी मात्र त्या तरुणाच्या शंकेलाच हुकूम चालविण्याचा अधिकार देऊन बसलो होतो.

मानवी मनाची रचना थोडी समजून घेतली, तर या नियमातील करुणा ध्यानात येते. मन हे स्वस्थ बसणारे यंत्र नव्हे. जागेपणी त्यात विचारांचा प्रवाह अखंड चालू असतो आणि त्यातील पुष्कळसे विचार आपण बोलावलेले नसतात. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी आजारी नसलेल्या सामान्य माणसांची विचारपूस केली, तेव्हा बहुतेकांनी सांगितले की आमच्याही मनात नको असलेले, लाजिरवाणे, भयंकर विचार येतात. आजारी माणसांचे विचार आणि यांचे विचार यांच्या आशयात फारसा भेद नव्हता. भेद होता तो पुढे काय होते यात. निरोगी माणूस ‘काय वेडा विचार!’ म्हणून पुढे जातो. आजारी माणूस त्या विचारावरून स्वतःला अपराधी ठरवितो.

मग तो विचार दाबू पाहतो, आणि येथेच फसतो. १९८७ साली अमेरिकेतील डॅनियल वेगनर यांनी काही विद्यार्थ्यांना सांगितले की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. विचार हाकलायचा, तर तो आला का हे मनाला सतत पाहत राहावे लागते, आणि तसे पाहणे म्हणजेच त्याला आमंत्रण.

दाबून जमत नाही म्हणून माणूस एखादी कृती करतो. हात धुतो, कुलूप पुन्हा ओढून पाहतो, नियत पुन्हा बांधतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि हे बरे वाटणेच घातक ठरते. मेंदू त्यातून शिकतो की भीती गेली ती धुण्यामुळे. पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि अधिक धुणे मागते. मराठीत या आजारासाठी ‘मंत्रचळ’ हा शब्द रूढ आहे. डॉक्टर त्यास ओसीडी म्हणतात. मंत्र आणि चळ, म्हणजे वेड, हे दोन शब्द एकत्र आलेले पाहिले की कळते, हा आजार आपल्या भाषेला जुना परिचित आहे आणि तो कोणत्याही एका धर्माचा नाही. कोणाला तो सोवळ्याच्या रूपाने छळतो, कोणाला वुजूच्या, तर कोणाला गॅसच्या बटणाच्या. माणसाला जे सर्वांत मोलाचे वाटते, तेथेच तो बहुधा घाव घालतो. म्हणूनच अल्लाहवर प्रेम करणाऱ्याला अल्लाहविषयीचे वाईट विचार छळतात.

काही सहाबा (रजि.) प्रेषितांकडे (स.) आले आणि म्हणाले की आमच्या मनात अशा गोष्टी येतात, ज्या उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) त्यांना ढोंगी म्हटले नाही. ते भयंकर वाटणे हीच ईमानाची उघड खूण आहे, असे सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की मनात जे येते ते अल्लाहने या उम्मतीला माफ केले आहे, जोवर माणूस ते बोलत नाही किंवा करीत नाही. आणि सूरह अल-बकराच्या अखेरीस अल्लाहने स्पष्ट केले आहे की तो कोणत्याही जीवावर त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकीत नाही. मनात येणे निराळे आणि मनाने करणे निराळे. हिशेब होईल तो करण्याचा.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. बल्ख प्रांतातील विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडते तसे मनही आजारी पडते आणि एकाचा आजार दुसऱ्याला जाऊन भिडतो, असे त्यांनी प्रतिपादिले. क्रोध, भय आणि विषाद यांच्याबरोबरच वसवशालाही त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. तेराव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेले महान फिकहपंडित इब्ने कुदामा यांनी तर वसवशाला शरण जाण्याच्या निषेधार्थ पुस्तिका लिहिली. आणि मनाचा आजार दुबळ्या ईमानाच्या माणसालाच होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी इमाम गजाली यांचे चरित्र पाहावे. १०९५ साली, बगदादच्या निजामिया मदरशात कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांची वाचा बंद पडली, अन्न पचेनासे झाले. आणि वैद्यांनी निदान केले की दुखणे मनातून शरीरात उतरले आहे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांनी ते लपविले नाही, मग आपण का लपवावे?

आपण ज्या भूमीवर राहतो तिचाच विचार करा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्या वाडवडिलांपैकी कोणी असे म्हणाले का, की इंजेक्शन घेतले तर अल्लाहवरील भरवसा उणावेल? नाही. अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही, ज्याचा उपचार त्याने उतरविला नाही, ही हदीस सर्वांना पाठ असते. ती छातीच्या कफाला लागू आणि मनाच्या दुखण्याला लागू नाही, असा अपवाद कोठेही नाही.

मी त्या तरुणाकडे गेलो, माझी चूक त्याच्यापुढे कबूल केली आणि त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टर भगिनींनी सारे ऐकले आणि मला विचारले, “तुमच्याकडे हात किती वेळा धुवायचा असतो?” मी म्हणालो, “एकदा धुणे फर्ज, तीनदा सुन्नत. तीनहून अधिक नापसंत.” त्या म्हणाल्या, “मग हे तुम्हीच त्याला लिहून द्या. माझ्या गोळीला तुमच्या कागदाची जोड हवी.” मी तेथेच लिहिले की तीनदा धुतल्यावर वुजू झाला, शंका आली तरी झाला, पढलेला नमाज पुन्हा पढायचा नाही. डॉक्टरांनी त्याला बजावले, “हा कागद दिवसातून दहा वेळा काढून वाचायचा नाही. नाहीतर वाचणे हाच नवा मंत्रचळ होईल.”

उपचाराचे तत्त्व असे: भीती येऊ द्यायची, पण तिने मागितलेली कृती करायची नाही. लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली या पद्धतीचे यश प्रथम नोंदविले. पहिल्या वेळी भीती शिगेला जाते. पण तिला काही दिले नाही, तर ती आपोआप ओसरू लागते आणि मेंदू नवा धडा शिकतो. शंका आली तरी नमाज न सोडता उभे राहा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आणि हा उपचार यांतील साम्य पाहून माझे डोळे भरून आले. जोडीला औषध असते. त्याचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि ते आपल्या मनाने बंद करावयाचे नसते.

घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. धुणे, तपासणे किंवा मोजणे यांत मुलाचा दिवसातील तासाहून अधिक वेळ जात असेल, तर त्याला रागावू नका, हसू नका. “झाला का रे माझा वुजू?” असे तो दहादा विचारील, पहिल्यांदा प्रेमाने उत्तर द्या, पण दहाव्यांदा देऊ नका, कारण तेही त्याला धुण्यासारखेच तात्पुरते बरे वाटवते. त्याची झोप राखा. सूरह अन-नबामध्ये अल्लाहने झोपेला विश्रांती म्हटले आहे; पाळ्या बदलत राहणाऱ्या आपल्या तरुणांना ही देणगी दुर्मीळ झाली आहे आणि अपुऱ्या झोपेत असे विचार झटकणे अधिक कठीण जाते. दुआ अवश्य करा, सूरह अल-फलक व अन-नास पढा, पण मोजदादीचे ओझे घालू नका. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात गुन्हा आहे. शिवाय जो इलाजापासून रोखतो, तो धर्माची सेवा करीत नाही.

खर्चाची व लोकलज्जेची चिंता असेल, तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही बोलता येते. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे जाणारा प्रत्येक जण दाखल होत नाही आणि ‘वेडा’ ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागविणे बंधनकारक केले आहे. विमा कंपन्यांनाही हाच नियम आहे.

आणि माझ्या इमाम बंधूंना नम्र विनंती. लोक डॉक्टरांच्या आधी आपल्याकडे येतात. आपल्या तोंडचा एक शब्द कोणाला वर्षभर नळाखाली बसवू शकतो किंवा त्याला उठवून सफेत उभा करू शकतो. मी दोन्ही होताना पाहिले आहे.

तो तरुण आता असरला पुन्हा येतो. विचार पूर्णपणे गेले असे नाही. काही दिवस जड जातात. परवा वुजू करून उठताना तो मला म्हणाला, “मौलाना, कंपनीत आम्ही गेज एकदाच लावतो. बसला की पार्ट ओके. त्याच पार्टला चाळीसदा लावत बसलो, तर लाइन थांबेल.” मी म्हणालो, “बेटा, तुझा गेज फिकहच्या इमामांनी कधीच करून ठेवला आहे.” तो हसला, आणि तक्बीर होण्याआधीच पहिल्या सफेत जाऊन उभा राहिला.

हे अल्लाह! ज्यांची मने शंकेने पोळली आहेत, त्यांना सकीनत दे. त्यांच्या घरच्यांना समज व धीर दे, उपचार करणाऱ्यांच्या हाताला यश दे, आणि आम्हा बोलणाऱ्यांना न कळणाऱ्या विषयात बोलण्यापासून वाचव. आमीन.