पाहुणचाराचा हंडा

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असा त्या शब्दाचा अर्थ शाळेत गुरुजींनी आम्हांस सांगितला होता. त्या हिशेबाने जुने मित्र हे अतिथी नव्हेत. त्यांची तिथी आधी ठरते, गाडीची वेळ कळते आणि यजमान महिनाभर आधीपासून तयारीला लागतो. अनोळखी माणूस दारी आला तर त्याचे स्वागत कसे करावे, हे सर्व धर्मांनी सांगून ठेवले आहे. परंतु ज्यांनी आपल्याला तरुणपणी पाहिले आहे, आपले गुणदोष ज्यांना पाठ आहेत, असे मित्र आठवडाभर राहावयास आले तर त्यांच्याशी कसे वागावे? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. आम्हांसही तसाच वाटत होता. २०२३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस पारोळ्यात जे घडले, त्याने आमचा तो समज दूर केला.

पारोळा हे धुळे-जळगाव महामार्गावरचे तालुक्याचे गाव. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला भुईकोट किल्ला गावात आजही उभा आहे. झाशीच्या राणीच्या माहेरचे, म्हणजे तांबे घराण्याचे गाव, ही पारोळ्याची दुसरी ओळख. खानदेशात माहेराला मोठा मान आहे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे येथल्या आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. त्याच दिवशी पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर पूजतात. सालदाराचे सालही आखाजीलाच संपते आणि नवे साल ठरते. पाहुणचार, पाणी आणि श्रमाचा हिशेब या तिन्ही गोष्टी या मुलुखात एकाच सणाला एकत्र येतात, हे आमच्या ध्यानी उशिरा आले.

आखाजी सरली की खरा उन्हाळा सुरू होतो. तामसवाडीजवळ बोरी नदीवर धरण आहे. पण मे सरता सरता नदीचे पात्र कोरडे पडते आणि माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात. त्या वर्षी आमच्या घरच्या नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येत होते. नेमक्या त्या दिवसांत आमचे तीन मित्र अमळनेर स्थानकावर उतरले. आम्ही चौघे पुण्याच्या पेपल सेमिनरीत एका वर्गात होतो. एक वसईकडे धर्मगुरू आहेत. दुसऱ्यांनी दीक्षेपूर्वीच सेमिनरी सोडली, संसार केला आणि शिक्षक झाले. तिसरे अनेक वर्षे दक्षिण फ्रान्समधील एका धर्मग्रामात सेवा करीत आहेत. चौघे एकत्र येण्याचा योग तब्बल एकवीस वर्षांनी आला होता.

पाणीटंचाईविषयी त्यांस एक अक्षरही कळू द्यायचे नाही, असे आम्ही ठरविले. यात प्रेम होते, तसाच अभिमानही होता, हे आज कबूल केले पाहिजे. न्हाणीघरातले पिंप सदैव भरलेले दिसावे, कूलर दिवसरात्र चालावा, माठात वाळ्याचे गार पाणी असावे, अशी व्यवस्था आम्ही घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना सांगितली. "होईल ना, फादर," एवढेच त्या म्हणाल्या. कसे होईल, हे आम्ही विचारले नाही. मित्रांनी मनसोक्त अंघोळी केल्या, कपडे धुतले. कूलर तर पाण्याचा खादाड. त्याची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागे. बिबड्या-कुरडया तळल्या गेल्या, आमरस झाला, जुन्या आठवणींना उजाळा मिळाला. आपण उत्तम यजमान आहोत, असे समाधान आम्हांस वाटू लागले.

चौथ्या दिवशी पहाटे आमचे शिक्षक मित्र फिरावयास म्हणून बाहेर पडले. वळणावर त्यांना मावशी दिसल्या. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि मागे त्यांची नववीतली नात, तिच्याही डोक्यावर हंडा. शेजारच्या वस्तीतील एका घरच्या कूपनलिकेवरून त्या पाणी आणीत होत्या. आमचे पाहुणे आल्यापासून रोज पहाटे अशा सहा-सात खेपा होत होत्या. मित्रांनी विचारले तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "पाव्हना उनात, मंग पानी लागीच ना!"

न्याहारीच्या वेळी त्यांनी ही हकिकत सर्वांसमोर सांगितली. क्षणभर कोणी बोलले नाही. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "अरे, आम्ही तुझे मित्र म्हणून आलो होतो. तू आम्हांला पाहुणे करून टाकलेस." फ्रान्समधले मित्र शांतपणे म्हणाले की, २०२२ सालच्या उन्हाळ्यात तिकडे मोठे अवर्षण पडले होते, शंभराहून अधिक गावांतील नळ कोरडे पडून टँकरने पाणी पुरवावे लागले होते. "टंचाई काय असते, ते मला ठाऊक आहे. तू सांगितले असतेस तर मला परके वाटले नसते, उलट घरी आल्यासारखे वाटले असते."

त्या दिवशी आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. आपण केले ते असत्य होते काय? संत ऑगस्टिन यांच्या मते कोणतेही असत्य निर्दोष नसते. संत थॉमस अक्विनास यांनी असत्याचे तीन प्रकार मानले : दुसऱ्याच्या हितासाठी केलेले, विनोदाने केलेले आणि अपकारासाठी केलेले. पहिल्या दोहोंचा दोष त्यांनी सौम्य मानला, तरी दोष मानलाच. परंतु आपल्या घराघरांत एक आई असते, जी शेवटची भाकरी लेकराच्या ताटात वाढते आणि "मी मघाशीच जेवले" असे सांगते. तिला दोष देण्याचे धाडस कोण करील? मग आमचे असत्य आणि त्या माऊलीचे असत्य यांत फरक तो काय?

फरक हा की, तिच्या असत्याची किंमत ती स्वतः मोजते. आमच्या असत्याची किंमत साठीच्या घरातील एक स्त्री आणि एक शाळकरी मुलगी मोजीत होत्या. औदार्य आमच्या नावावर जमा होत होते आणि हंडा मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर होता.

अब्राहामाच्या आतिथ्याची कथा आम्ही कितीदा तरी प्रवचनात सांगितली आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात तो तीन प्रवाशांना पाहून धावत सामोरा जातो. पण पुढचे आम्ही इतकी वर्षे नीट वाचलेच नव्हते. पीठ मळण्यास तो सारेला सांगतो, वासरू रांधावयास चाकराच्या हाती देतो. पाहुणे झाडाखाली जेवतात तेव्हा सारा तंबूत असते. असे असले तरी पाहुणे जेवताना अब्राहाम त्यांच्याजवळ उभा राहतो. आम्ही तेवढेही केले नव्हते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांतील त्रेपन्नाव्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताचे म्हणून करावे, असे सांगितले आहे. त्याच प्रकरणात, पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्यांस गरज पडेल तेव्हा मदतनीस द्यावेत, म्हणजे त्यांस कुरकुर न करता सेवा करता येईल, असाही दंडक आहे. पहिला भाग आम्हांस तोंडपाठ होता, दुसरा आठवत नव्हता.

उणीव लपवू नये, असे सांगणारे दाखलेही पवित्र शास्त्रात आहेत. सारफथच्या विधवेने एलियाला आपल्या मडक्यात मूठभरच पीठ उरले आहे, हे स्पष्ट सांगितले आणि मगच भाकर केली. लूककृत शुभवर्तमानातील दाखल्यात मध्यरात्री मित्र प्रवासाहून येतो, घरात वाढावयास काही नसते, तेव्हा यजमान स्वतः उठून शेजाऱ्याचे दार ठोठावतो. तो दुसऱ्या कोणाला पाठवीत नाही. मागण्याची लाज तो स्वतः सोसतो.

लॅटिनमध्ये 'होस्पेस' हा एकच शब्द यजमान आणि पाहुणा या दोघांसाठी वापरीत. त्यातूनच आलेल्या फ्रेंच 'ओत' या शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत, हे फ्रान्सच्या मित्रांनी सांगितले. प्रवाशाला आपण पाहुणा म्हणून आसनावर बसवावे, हे योग्यच. त्याच्यावर आपल्या अडचणींचा बोजा टाकू नये. मित्राला मात्र यजमानपणाचाही वाटा दिला पाहिजे. जो मित्राला आपली उणीव दाखवीत नाही, तो त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवतो, मग त्याला कितीही पंचपक्वान्ने वाढोत.

त्याच दिवशी कूलर बंद झाला. रात्री चौघे गच्चीवर सतरंज्या टाकून झोपलो. अंघोळीला प्रत्येकी एक बादली ठरली. दुसऱ्या पहाटे आम्ही चौघे हंडे घेऊन निघालो. आता सारे ठीक झाले, असे वाटत असतानाच मावशी दारात आडव्या आल्या. त्यांचे डोळे भरले होते. पाहुण्यांनी पाणी भरले तर वस्तीत आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे घर त्या आपले मानतात, पाहुणे त्यांचेही आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही निरुत्तर झालो. त्यांची संमती आम्ही दोनदा गृहीत धरली होती : एकदा पाणी आणविताना आणि दुसऱ्यांदा ते थांबविताना. पहिल्यात त्यांच्या श्रमाचा विचार नव्हता, दुसऱ्यात त्यांच्या मानाचा.

शेवटी तोड निघाली ती बसून बोलल्यावरच. नातीने खेपा करावयाच्या नाहीत, हंडे आम्ही वाहावयाचे, स्वयंपाकघराची मालकी मात्र मावशींची, आणि दुपारी त्या व नात आमच्याबरोबर एकाच पंगतीला बसतील, असे ठरले. ज्या घरातून पाणी येत होते, तेथे आम्ही स्वतः जाऊन आभार मानले. उरलेले तीन दिवस घाम फार आला, पण गप्पांत पूर्वीचा मोकळेपणा होता.

वाचकहो, मे महिन्याच्या सुटीत आपल्याही घरी मुंबईहून, पुण्याहून, परदेशातून माणसे येतात. घर भरते, आनंद होतो. त्या दिवसांत एकदा पहाटे उठून पाहा : घरात सर्वांत आधी कोण उठले आहे आणि सर्वांच्या शेवटी कोण जेवते आहे? बहुधा ती आपली पत्नी असेल, आई असेल, सून असेल, कामाला येणारी बाई असेल. आपल्या आतिथ्याची कीर्ती तिच्या पाठीवर उभी आहे काय, हे तिला विचारा. उत्तर आपण आधीच ठरवू नका. तिच्याशेजारी बसून ते ऐका.